बोटभर खाली आलेली गाडी

ऑपरेशननंतर पप्पांचा डावा पाय बोटभर आखूड झाला. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण जुळताना थोडं आत बसलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून हे समजावलं तेव्हा मी मान हलवत होते आणि पप्पा खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत होते. बाहेर येऊन ते रिक्षात बसले. मग एवढंच म्हणाले, "गाडीवर बसता येईल न्हवं?"

आई लांबच्या नेसरी गावी शाळेत शिक्षिका आहे. ती शनिवारी दुपारी येते आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जाते. मधले दिवस घरात मी आणि पप्पा. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरातूनच करते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, एका कानात मीटिंग आणि दुसरा कान आतल्या खोलीकडे, अशी त्या काळात माझी दिवसभराची बैठक होती. त्यांना उठवायचं, बसवायचं, गरम पाणी द्यायचं, औषधं, व्यायाम. व्यायामासाठी एक रबरी पट्टी मिळाली होती, ती पायाला अडकवून ओढायची. यात अवघड असं काही नव्हतं. पण रोज तेच केल्याने अंगात एक जडपणा साठतो आणि झोपूनही जात नाही. थकले असं मी कुणाला म्हटलं नाही, कारण म्हटलं की लोक सल्ले देतात. शिवाय मला मनातलं चटकन बोलता येत नाही. शाळेत मराठी कमी बोलले आणि इंग्रजी घाबरत बोलले, त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहायची सवय लागली.

पप्पा पट्टी न चुकता ओढायचे, पण ते चालण्यासाठी नाही, तर गाडीसाठी. गाडी म्हणजे त्यांची जुनी मोटारसायकल. ती माझ्याहून वयाने मोठी आहे, लोखंडी मडगार्डची आणि वजनाला म्हशीच्या रेडकाएवढी. पाय मोडायच्या आधी ते रोज सकाळी तिच्यावरून दूधकट्ट्यावर जायचे. तिथे म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, गवळी समोर धार काढून फेसाळ पेला हातात देतो आणि लोक तो तिथेच उभ्याने पितात. पेला एक आणि गप्पा तासभर. कट्ट्यावर जाणं बंद झालं तसं त्यांचं सगळंच बंद झालं. मी त्यांना एकदा माझ्या स्कूटरवर मागे बसवून नेलं होतं. कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं, "काय मालक, ड्रायव्हर ठेवला काय?" पप्पा हसले, दूध प्यायले, घरी आले. परत कधी ते माझ्या मागे बसले नाहीत.

गाडीवर बसून बघितलं तेव्हा उजवा पाय जमिनीला पुरत होता, डाव्याची नुसती बोटं टेकत होती. एवढं वजन बोटांवर तोलता येत नाही.

यावर तोड काकांनी काढली. काका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. ते दोन गल्ल्या पलीकडे राहतात, त्यांचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे आणि शेजाऱ्याशी बोलतानाही ते शेतातल्या माणसाला हाक मारल्यासारखं बोलतात. ते गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "पाय वाढत न्हाय न्हवं? मग गाडी खाली आणूया की."

उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर काय वाट्टेल ते होतं, अशी आमच्याकडे सगळ्यांची श्रद्धा आहे. काकांच्या ओळखीच्या मेस्त्रींकडे आम्ही गेलो. मी बरोबर होते, पण बोलणं माझ्या डोक्यावरून चाललं होतं, दोन्ही अर्थांनी. चाकं लहान केली की गाडी खाली येणार, हे सरळ होतं. पुढच्या चाकाला दोन इंचांनी लहान रिम मिळाली. मागच्याला तेवढी लहान मिळाली नाही, एकाच इंचाने लहान अशी मिळाली. सीटचा थोडा स्पंजही कापायचं ठरलं. काकांनी विचारलं, चालेल का? मेस्त्री म्हणाले, न चालायला काय झालं. उंचीशिवाय आणखी काय बदलेल हे कुणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. जुनी चाकं आम्ही घरी आणून जिन्याखाली ठेवली.

गाडी तयार झाली तेव्हा काकाच ती चालवत घरी घेऊन आले. फाटकातून आत येतानाच ओरडले, "लोण्यागत चालतीया दादा." पप्पा ओट्यावर खुर्चीत बसले होते. काकांनी मग मेस्त्रींचं कौतुक केलं, स्वतःचं केलं, पन्हाळ्याचा घाट आपण कसा एका हाताने उतरतो ते परत एकदा सांगितलं, आणि चहा न घेता निघून गेले. चहा न घेता जाणं हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. गाडीच्या समोरच्या लोखंडी गार्डवर डाव्या बाजूला हिरव्या रंगाचा एक ओरखडा होता. आमच्या गल्लीच्या वळणावर एका घराला हिरवं पत्र्याचं फाटक आहे. हे दोन्ही मी पाहिलं आणि काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किक मारून गाडी सुरू करून दिली. पप्पा बसले. दोन्ही तळवे जमिनीला टेकले. त्यांनी दोनदा पाय उचलून परत टेकवून बघितले, लहान मूल नव्या बुटात बघतं तसे. मग गिअर टाकून गेले. मी फाटकाशी उभी राहिले. वाटलं होतं त्यापेक्षा खूप लवकर आले. गाडी बंद केली तरी खाली उतरेनात. सकाळचा गारवा असूनही मानेवर घाम होता.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली हाय."

नंतरच्या दिवसांत ते गेले, पण कट्ट्यापर्यंत नाही. आधी चौकापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत. एकदा परत येऊन म्हणाले, काटा तीसवर होता तरी एक शाळकरी पोरगा सायकलवरून पुढे गेला. ते हसण्यासारखं सांगत होते, पण हसत नव्हते. मग एका सकाळी म्हणाले, आज नको. दुसऱ्या दिवशीही नको. रबरी पट्टी खिडकीच्या गजाला लटकत राहिली. ते दुपारी उठून बसायचे ते बंद झालं. जेवण पलंगावर मागायला लागले. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की हे पलंगावर राहिले तर पलंगाचेच होतील. मी ते त्यांना सांगितलं. ते हो म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

त्या आठवड्यात माझ्याबरोबर काम करणारे तीन लोक कंपनी सोडून गेले होते, म्हणजे त्यांचं काम आमच्यावर आलं होतं. मी मीटिंगमधून उठून पप्पांना पाणी द्यायची आणि परत बसायची. एकदा पाणी ठेवून वळले तर पप्पांनी माझं मनगट धरलं.

"गिऱ्हाईक बघ गाडीला."

मी का म्हणून विचारलं.

"माझा हात गेला बाळा. वळवाय गेलो की गाडी भसकन आत पडती. इतकी वर्षं चालिवली, कधी असं झालं न्हाय." मग जरा थांबून म्हणाले, "पडलो तवा डोकंबी आपटलं असणार माझं. तुम्ही सांगितलं न्हाईसा."

डोकं आपटलं नव्हतं, सगळे रिपोर्ट चांगले होते, मी फाइल आणून दाखवली. त्यांनी ती बाजूला सारली. त्यांचं म्हणणं साधं होतं. काका तीच गाडी चालवून आले, त्यांना लोण्यासारखी लागली. मेस्त्रींनी चालवून बघितली, ते एक नंबर म्हणाले. म्हणजे बिघाड गाडीत नाही.

एका दुपारी अंगणात मोठा आवाज झाला. गाडी साइड स्टँडवरून पडली होती, नुसत्या वाऱ्याने. गाडी खाली आली होती पण स्टँड तेवढाच लांब राहिला होता, म्हणून ती कलायच्या ऐवजी जवळजवळ सरळ उभी राहायची. शेजारच्या काकूंच्या मदतीने मी ती उचलली आणि सावलीत न्यायला लागले. लहानपणी ही गाडी मी पप्पांबरोबर पुष्कळदा ढकलली होती, हँडल धरून सरळ चाललं की ती शहाण्यासारखी येते. आज ती येईना. मी जरा डावीकडे वळवलं की हँडल आपणहून आणखी डावीकडे पडत होतं, जणू पलीकडून कुणी ओढतंय. परत केलं, परत तसंच. माझ्या डोक्याला तर काही लागलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर बसून वाचत गेले. जुन्या गाड्या जमवणारे जगभरचे लोक असल्या गोष्टींवर पानंच्या पानं लिहितात. मुद्दा समजायला अवघड नव्हता. पुढच्या चाकाला धरणारे दांडे तिरके असतात. त्या तिरक्या रेषेतच हँडल फिरतं. ती रेष खाली रस्त्यापर्यंत वाढवली तर ती जिथे टेकेल, त्याच्या जरा मागे चाक रस्त्याला टेकतं. म्हणून चाक त्या रेषेमागून ओढल्यासारखं येतं आणि सरळ राहतं. पुढचं चाक मागच्यापेक्षा जास्त लहान केलं की गाडीचं तोंड खाली जातं, दांडे उभे होतात, आणि ते मागचं अंतर कमी होतं. मग चाकाला सरळ राहायची ओढ उरत नाही. जरा वळवलं की गाडी जास्त वळते. ज्याचे हात कित्येक वर्षं एका ठराविक जोराला सरावलेत तो तोच जोर लावतो आणि भसकन आत जातो. काट्याचंही तेच. तो पुढच्या चाकावर चालतो, लहान चाक जास्त फिरतं, म्हणून तीस दिसताना वेग तेवढा नसतो.

मी हे पप्पांना सांगितलं. दोन पेन्सिली धरून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्या हातावर थोपटलं.

"माझ्यासाठी किती वाचतीस," ते म्हणाले. "कागदावर सगळं खरं असतंय. काका तुझा चालवतोय की."

माझा शब्द त्यांना पुरत नव्हता, हे मला लागलं नाही असं नाही. पण त्यांचंही खरं होतं. मी ती गाडी कधी रस्त्यावर चालवली नव्हती. जो चालवून आला होता त्यानेच बोलायला हवं होतं.

काकांच्या दुकानात जायला मला आवडत नाही. तिथे नेहमी चारपाच माणसं नुसती बसलेली असतात आणि आत जाणाऱ्याकडे बघतात. मी गेले. काका पंपाचा एक भाग घासत होते. मी हळू आवाजात विचारलं, गाडी वळणावर आत पडते का.

"मला पडंल व्हय ती?" ते म्हणाले, बसलेल्यांकडे बघून. "म्या पन्हाळ्याचा घाट…"

तो घाट मी परत ऐकून घेतला. मग सांगितलं की पप्पा गाडी विकतायत, रविवारी इचलकरंजीचे एक गृहस्थ बघायला येणार आहेत. गाडी गेली की पप्पा उठणार नाहीत, हेही सांगितलं. काका घासायचे थांबले नाहीत. ठीक आहे, येतो रविवारी, एवढंच म्हणाले. हिरव्या ओरखड्याचं मी तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. चार माणसांत त्यांना ते विचारणं म्हणजे मारण्यासारखं होतं.

रविवारी आई घरी होती. तिने पोहे केले. इचलकरंजीचे गृहस्थ वेळेवर आले. त्यांचे कापडाचे माग होते, पांढरा शर्ट, हातात स्वतःचं हेल्मेट. जुन्या गाड्यांचा त्यांना नाद होता आणि तो लपवत नव्हते. पप्पांना त्या दिवशी आम्ही ओट्यावर आणून बसवलं. त्यांनी गाडीची सगळी माहिती दिली, इंजिन कधी उघडलं, कार्बोरेटर कुठला, जराही आवाज न बदलता. एखाद्या दुसऱ्याच माणसाच्या गाडीबद्दल बोलावं तसं. काका खांबाला टेकून उभे होते आणि त्या दिवशी ते काहीच बोलत नव्हते.

पाहुण्यांनी चालवून बघू का विचारलं. पप्पांनी किल्ली दिली. मी किक मारली. पाहुणे हेल्मेटचा पट्टा लावून गाडीवर बसले आणि त्यांनी ती फाटकाकडे वळवली.

"पावणं," काका म्हणाले, "जरा थांबा."

पाहुणे थांबले.

"कोपऱ्यावर सावकाश घ्या."

"का? रस्ता खराब हाय?"

काका आपल्या चपलांकडे बघत होते. गाडीचा आवाज सगळ्या अंगणात भरला होता, म्हणून त्यांना जे बोलायचं ते मोठ्याने बोलावं लागलं. "आत पडतीया. म्या आनताना फाटकाला घासलीती. अंगावर घेऊन पडणार हुतो."

आईने हातातली ताटली खाली ठेवली. पप्पा खुर्चीतून पुढे वाकले.

"कुठल्या फाटकाला?"

"हिरव्या."

"पहिल्याच दिवशी?"

"व्हय."

पाहुण्यांना यात काही कळलं नाही. ते सावकाश घेतो म्हणाले आणि गेले. पप्पा काकांकडे बघत होते, रागाने नाही, हिशेब चुकला तो कुठे चुकला हे शोधताना माणूस बघतो तसे. वळताना किती आत गेली, हँडल हलकं लागलं की जड, डावीकडे जास्त की उजवीकडे, असं त्यांनी एकेक विचारलं. काका उत्तरं देत गेले. दोघांचा अनुभव जुळत होता.

"मग इतकं दिवस गप का बसलास?" पप्पांनी विचारलं.

"मला वाटलं माझंच वय झालं," काका म्हणाले. "आणि तू बी कुठं काय बोललास?"

"तू लोणी म्हनालास की."

"तू चांगली हाय म्हनालास."

आई आत निघून गेली. ती हसत होती की रडत, मला दिसलं नाही. मला तिथेच ओट्याच्या पायरीवर बसावंसं वाटलं आणि मी बसले.

पाहुणे परतले ते हेल्मेट काढायच्या आधीच बोलत होते. पुढचं चाक कुणाच्या सल्ल्यानं बसवलं, एवढी चांगली गाडी, हँडल बकरीसारखं पळतंय. जुनी चाकं आहेत का म्हणून त्यांनी विचारलं, असतील तर ती बसवून ते आजच गाडी नेतील. पप्पा म्हणाले, हायत. पण गाडी द्यायची न्हाय.

"मग मला इचलकरंजीहून कशाला बोलिवलंसा?"

"पोहे खावा की पावणं," काका म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं. मंगळवारी काकांनी जुनी चाकं टेम्पोत घातली आणि मी पप्पांना रिक्षातून नेलं. मेस्त्रींनी चाकं बघितली, काकांकडे बघितलं, आणि आपणही त्या दिवशी कोपऱ्यावर जरा गडबडलोच होतो असं पुटपुटले. पप्पांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ते खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत तिथे बसले. कंपनीत मी बरं नाही म्हणून कळवलं होतं. ते खोटंही नव्हतं. गॅरेजच्या बाकड्यावर मी भिंतीला डोकं टेकून बसल्या बसल्या पेंगले.

चाकं बसली आणि प्रश्न जिथे होता तिथेच आला. घरी पप्पा गाडीवर बसले तर सीट कापलेली असूनही डाव्या पायाची परत बोटंच टेकली. इतक्या दिवसांची धावपळ, आणि पाय तेवढाच आखूड. पण पप्पा उतरले नाहीत. हँडल डावीउजवीकडे फिरवून बघत राहिले. ते सरळ येत होतं.

"म्या मागं बसतो," काका म्हणाले. "थांबायचं आलं की पाय म्या टेकतो."

"तू पाय टेकस्तवर सिग्नल सुटून परत लागंल."

"बसू का नको तेवढं सांग."

पप्पा जरा पुढे सरकले. काकांना एवढी जागा पुरत नव्हती तरी ते बसले. भावाच्या मागे बसायला पप्पांना लाज वाटली असती, भावाला मागे बसवायला वाटली नाही. मी किक मारली. ती दुसऱ्यांदा लागली. दोन म्हातारी होत चाललेली माणसं एका सीटवर, मागच्याचे पाय दोन्ही बाजूंना आधीच खाली लोंबत होते.

"पाय वर घे," पप्पा ओरडले. "गाडी चालू झाली न्हाय अजून."

"मग कधी टेकू?"

"सांगतो तवा."

ते वळणावरून गेले. गाडी ठरल्याइतकीच कलली. मी फाटक लावून घेतलं नाही, तसंच ठेवलं. आत येऊन पप्पांच्या पलंगावर आडवी झाले, चादर विस्कटलेली होती ती तशीच. लॅपटॉपवर संदेश येत असल्याचे आवाज ऐकू येत होते. मी उठले नाही.

जाग आली तेव्हा दारात दोघं भांडत होते, कट्ट्याजवळ थांबताना पाय आधी कुणी टेकला यावरून.